अदृश्य शिस्त

दातांवरची तार आता मागासलेली ठरली. दहावीतल्या पोरांनाही पारदर्शक अलाइनर हवेत. 1997 साली अमेरिकेत अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि दातांवर चढवायच्या या प्लास्टिकच्या साच्यांचा धंदा जगभर पसरला. हिशेब सोपा आहे. एक साचा दाताला फार तर पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा साचा. अट एकच, दिवसाचे 20 ते 22 तास तो तोंडात हवा.

म्हणजे उरलेल्या दोन-चार तासांत नाश्ता, डबा, चहा, क्लासबाहेरचा वडापाव आणि रात्रीचं जेवण उरकायचं. दर वेळी साचा डबीत ठेवायचा, दात घासायचे, साचा पुन्हा चढवायचा. ही शिस्त कोणाकडून अपेक्षित आहे? ओला टॉवेल वाळत घाल, हे ज्यांना रोज ओरडून सांगावं लागतं, त्या चिरंजीवांकडून!

कंपनीने पोरांची नस बरोबर ओळखली. किशोरांच्या साच्यांवर तिने निळे ठिपके दिले. साचा तोंडात राहिला की ते फिकट होतात. ठिपका गडद दिसला की चोरी पकडली. तारेला असल्या हेरगिरीची गरज नव्हती, कारण ती पोरांना काढताच येत नव्हती. साचा मात्र कागदी रुमालात गुंडाळला जातो आणि थेट कॅन्टीनच्या कचऱ्यात पोहोचतो.

तेव्हा पालकहो, डॉक्टरांना दातांच्या एक्स-रेबरोबर चिरंजीवांच्या खोलीचा फोटोही दाखवा. तार की अलाइनर, याचा निकाल तिथेच लागेल.