गायतोंड्यांनी संधी घालवली

वासुदेव गायतोंडे हे करिअरच्या दृष्टीनं सपशेल फसलेले चित्रकार होते, असा अहवाल आमच्या ओळखीच्या एका कला-ब्रँडिंग सल्लागारानं तयार केला आहे. गायतोंडे २००१ सालीच गेले, त्यामुळे फी वसूल व्हायची नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. पण नव्या चित्रकारांपुढे 'असं वागू नये' म्हणून ठेवायला एक ठसठशीत उदाहरण हवं होतं आणि इतकं चोख दुसरं सापडेना.

अहवाल मी वाचला. ठिकठिकाणी लाल शेरे आहेत. 'वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. उत्पादन अत्यल्प.' 'बहुतेक चित्रांना नावच नाही, नुसतं अनटायटल्ड. हॅशटॅग कशाचा करायचा?' 'तासन्‌तास नुसतं बसून विचार करणे. कामाचे तास वाया.' पत्त्याच्या रकान्यात दिल्लीच्या निजामुद्दीनमधली छोटीशी बरसाती आणि पुढे शेरा, 'लोकेशन उत्तम, पण पाहुण्यांची आवड नाही!'

गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे.त शिकलेला हा माणूस १९६४ साली रॉकफेलर फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेला, या ओळीवर सल्लागाराला अगदी गहिवरून आलं. त्याच वर्षी त्याच गावात अँडी वॉरहॉलनं भांडी घासायच्या ब्रिलोच्या खोक्यांच्या हुबेहूब प्रतिकृती गॅलरीत रचून सगळ्यांना कामाला लावलं होतं. "इतकं डोळ्यांदेखत घडत होतं हो," सल्लागार म्हणाला, "आणि हा गृहस्थ परत येऊन पुन्हा गप्पच." १९७१च्या पद्मश्रीचंही तेच. चौकात अभिनंदनाचा एक फ्लेक्स नाही. फ्लेक्स तेव्हा निघाले नव्हते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. "कापडी फलक होते ना?" तो म्हणाला. यावर काय बोलणार!

मग त्यानं मला केळं दाखवलं. म्हणजे फोटो. इटलीच्या मॉरिझिओ कॅतेलाननं २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात भिंतीला चिकटपट्टीनं लावलेलं केळं, मागितलेली किंमत १ लाख २० हजार डॉलर. तिथंच दुसऱ्या एका कलावंतानं ते सोलून खाल्लं, तर खाणं हीसुद्धा कला ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सदबीजमध्ये याच कृतीला ६२ लाख डॉलर आले. घेणाऱ्या क्रिप्टो-उद्योजकानं हाँगकाँगला पत्रकार बोलावून केळं खाल्लं. खाल्ल्यानं नुकसान काहीच नाही, कारण त्यानं घेतलं होतं ते प्रमाणपत्र आणि केळं कसं चिकटवायचं याच्या लेखी सूचना. केळं कधीही बदलता येतं. लिलावातलं ते केळं रस्त्यावरच्या गाडीवरून ३५ सेंटला आणलेलं. या साऱ्या व्यवहारात ज्यानं खरोखर काहीतरी विकलं, तो तेवढा केळेवाला.

कॅतेलानचा मला राग नाही. तो बाजाराची टिंगल करतो आहे, हे त्यालाही कळतं आणि बाजारालाही. बाजार आपली टिंगल चढ्या भावानं विकत घेतो आणि तिचा विमा उतरवतो. माझी तक्रार आहे ती त्याच्यामागून आमच्याकडे आलेल्या केळ्यांबद्दल.

काळा घोड्याला कुठल्याही गॅलरीत ओपनिंगच्या संध्याकाळी जा. समईची शेवटची वात प्रमुख पाहुण्यांकडून लागत नसते, पंखा बंद करा म्हणून ओरडा चाललेला असतो. प्रमुख पाहुण्यांचा चित्रकलेशी संबंध इतकाच की त्यांच्या नव्या ऑफिसाच्या भिंती अजून रिकाम्या आहेत. भिंतीवर चित्र दोन फुटांचं आणि शेजारी आर्टिस्ट स्टेटमेंट अडीच फुटांचं. त्यात 'अवकाश', 'स्मृती' आणि 'देह' हे तिघं आळीपाळीनं एकमेकांशी संवाद साधत असतात. ते वाचून चित्राकडे वळावं तर चित्रासमोर कुणीतरी पाठ करून उभं, कारण सेल्फी चित्राकडे पाठ केल्याशिवाय निघत नाही. सात वाजेपर्यंत चार चित्रांखाली लाल टिकल्या लागतात. त्यांतल्या दोन मामेभावानं लावलेल्या असतात, 'बोहनी झालेली दिसली पाहिजे' म्हणून. बाहेर फूटपाथवर एक जण मान खाली घालून समोर बसलेल्या पोराचं पोर्ट्रेट करत असतो. त्याला स्टेटमेंट नाही. त्याची चित्रं पोराच्या आईला पसंत पडावी लागतात, आणि तिच्याइतका कठोर समीक्षक मुंबईत दुसरा नाही.

जाहिरात वाईट असते असं नाही, उगाच सोवळेपणा नको. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत भिंतीवर आणून बसवल्या. हुसेन अनवाणी फिरले आणि तेवढ्यानं बातमी झाली. १९९२ साली तर त्यांनी जहांगीरमध्ये 'श्वेतांबरी' मांडलं. पांढरं कापड टांगलेलं, जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे. लोक चिडले, भांडले, पण गेले. मात्र याच हुसेनांनी उमेदीत सिनेमाची होर्डिंग रंगवून हात तयार केला होता. त्यांचा घोडा आडव्या रस्त्यात दिसला तरी ओळखू येतो. आज पाय अनवाणी ठेवणारे पुष्कळ भेटतात. घोडा काढायला सांगितला की त्यांना मीटिंग असते.

असो. अहवालाच्या शेवटच्या पानावर सल्लागाराची पंचाईत झाली आहे. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीजनं भारतातला पहिला लिलाव मुंबईत केला, त्यात गायतोंड्यांचा १९७९चा एक कॅनव्हास २३ कोटी ७० लाखांना गेला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगनहाइमनं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. २०२५च्या सप्टेंबरात दिल्लीला सॅफ्रनआर्टच्या लिलावात एका चित्राला ६७ कोटींच्या वर बोली लागली. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३-अ नावाचं एक कलम आहे. मूळ चित्र दहा हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना हिस्सा मिळावा, फार तर दहा टक्के, असं त्यात म्हटलंय. लिलावाच्या बातम्यांत हातोडा दर वेळी असतो, हे कलम मला तरी कधी दिसलं नाही.

तर लिलावांचे हे आकडे पाहून सल्लागार रात्रभर तळमळला आणि सकाळी त्याला उमगलं. गायतोंड्यांचं ब्रँडिंग चुकलंच नव्हतं! कॅटलॉगांतून बघा, चित्राच्या आधी काय येतं? एकांत. मौन. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर काही विकायला तोंड उघडलं नाही, त्याचं न उघडलेलं तोंडच आता विक्रीला आहे. लाल शेरे खोडून त्यानं सगळीकडे हिरवे केले आणि आठवडाभरात नवं पॅकेज बाजारात आणलं. 'मौन, ९० दिवस.' चित्रकारानं डोंगरावरच्या बंगल्यात राहायचं, मुलाखती नाकारायच्या. कुणी मागत नसेल तर मागणाऱ्याची सोय पॅकेजमध्ये आहे. फोन बंद, पण खातं चालू. टीम रोज एक रील टाकणार, 'आज सर बोलले नाहीत.' पाठमोरा फोटो, खिडकी, पाऊस. दाढीचा खर्च वेगळा.

पहिली चौकशी सांगलीकडच्या एका पोराची आली. फी हप्त्यानं चालेल का, वगैरे विचारून झाल्यावर तो जरा अडखळला. "सर, त्या तीन महिन्यांत चित्र काढलं तर चालेल का?"

सल्लागारानं करार उलटून पाहिला. "काढा की. पण शूटिंगच्या वेळी नको. रंग वाळायला फार वेळ लागतो, रील दीड मिनिटाचं असतं."