लिफ्टमधला माणूस

मँचेस्टर युनायटेड हरली की कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर इतिहासाचा तास भरतो. जिंकली तर मंडळी दहा मिनिटांत चहा संपवून घरी जातात. हरली तर दुसरा चहा सांगितला जातो आणि एक काका घसा खाकरून सुरू करतात, "नव्व्याण्णवला आपण..." गेली काही वर्षं आमच्या चहावाल्याचा धंदा उत्तम चालला आहे.

यातला 'आपण' नीट ऐकावा. काका आयुष्यात इंग्लंडला गेलेले नाहीत. पासपोर्ट काढला तो लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला जायला, आणि तिथेही अंगात जुनी जर्सीच होती. पण 26 मे 1999 रोजी बार्सिलोनात बायर्न म्युनिकला लोळवणाऱ्या 'आपण'मध्ये काका असतातच. सहाव्या मिनिटाला बायर्नचा गोल. नव्वद मिनिटं झाली तरी 0-1. मग इंज्युरी टाइममध्ये बेकहॅमचे दोन कॉर्नर, पहिल्यावर शेरिंगहॅम, दुसऱ्यावर सोल्सशार. लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्ही एकाच मोसमात! हे सांगताना काकांच्या हातातला चहा बशीत उतरतो. "आपल्याकडे रात्री सव्वाबाराला मॅच सुरू झाली. डोळ्याला डोळा लागला असेल तर शपथ!"

परवा इंजिनिअरिंगच्या एका पोराने फोनवर तारीख तपासली. त्याच 26 मेला क्रिकेट वर्ल्ड कपात टाँटनला भारत-श्रीलंका सामना होता. गांगुली 183, द्रविड 145, भागीदारी 318.

"काका, तुम्ही ती मॅच सोडलीत?"

"सोडतोय कसला! प्रत्येक बॉल बघितला."

"आणि मग रात्री दोनपर्यंत फुटबॉल?"

काका काही म्हणणार तोच भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या काकू थांबल्या. "कुठलं फुटबॉल? क्रिकेट संपलं आणि हे टीव्हीसमोरच जे घोरायला लागले, ते दूधवाल्याने बेल वाजवली तेव्हा उठले."

काका खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. ते दोन गोल त्यांनी पुढे इतक्या वेळा पाहिलेत, की पहिल्यांदा कधी पाहिले याला अर्थ उरलेला नाही. आमचे पूर्वज पानिपतावर होते असं सांगणारी सगळी घराणी खरोखरच तिथे असती, तर अब्दालीला पळता भुई थोडी झाली असती.

कट्ट्यावरचं दुसरं पालुपद म्हणजे "फर्ग्युसनवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास." पहिला दिवस म्हणजे फर्ग्युसन युनायटेडचे मॅनेजर झाले तो नोव्हेंबर 1986. तेव्हा पुण्यात फर्ग्युसन म्हटलं की कॉलेज आठवायचं आणि फार तर वैशालीतला डोसा. खुद्द मँचेस्टरमध्येही हा विश्वास जरा बेताचाच होता. पहिली तीन वर्षं एकही चषक नाही. सप्टेंबर 1989 मध्ये शेजारच्या सिटीने 5-1 असं धुतलं. डिसेंबरात घरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर चाहत्यांनी फलकच उंचावला. तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता निघा, असा त्याचा मथितार्थ. मे 1990 मध्ये एफए कप आला आणि पुढचं सर्वांना तोंडपाठ आहे. 26 वर्षं, 38 चषक. आज मात्र तो फलक पाहून नुसती मान डोलावलेला माणूसही सापडत नाही. आणीबाणी उठल्यावर तिचे समर्थक असेच रातोरात नाहीसे झाले होते.

फलकांचा या मंडळींना भारी सोस. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड स्टँडला वर्षानुवर्षं एक फलक लटकत होता आणि त्यावर सिटीला शेवटचा चषक मिळून किती वर्षं झाली तो आकडा असे. सिटीचा तो चषक 1976 चा. दर वर्षी आकडा बदलायचा, दर वर्षी तेवढंच हसू. 2011 मध्ये सिटीने एफए कप जिंकला आणि फलक उतरवावा लागला. त्याच ऑक्टोबरात सिटी पाहुणी म्हणून आली आणि 6-1 करून गेली. तो फलक भंगारात गेला नसेल तर पुन्हा लावायला हरकत नाही. फक्त आकडा आता स्वतःचा लिहावा लागेल. युनायटेडची शेवटची लीग 2013 ची.

लिव्हरपूलने 2023 मध्ये ॲनफिल्डला घातलेले 7-0, 2024-25 च्या मोसमातला पंधरावा क्रमांक, हे सगळं कट्ट्याच्या अभ्यासक्रमात नाही. कुणी विषय काढलाच तर काका "ते तात्पुरतं आहे" म्हणतात. पुण्यात रस्ता खोदणारेही तसंच म्हणतात.

मला वाईट वाटतं ते इंजिनिअरिंगच्या पोराचं. 1999 ला त्याचा जन्मही झाला नव्हता. खेळ कळायला लागला तेव्हा फर्ग्युसन निवृत्त झाले होते आणि नवा मॅनेजर काढा म्हणून मैदानावरून विमान फलक ओढत चाललं होतं. म्हणजे सातबारा आजोबांच्या नावावर आणि हप्ते नातवाच्या. ही नुसती उपमा समजू नका. ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये क्लब विकत घेतला तो कर्ज काढून, आणि त्या कर्जाचा मोठा भाग चढवला क्लबच्याच डोक्यावर.

नव्व्याण्णवच्या त्या रात्री बार्सिलोनात युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष लेनार्ट योहान्सन हजर होते. नव्वद मिनिटं होत आली तसे ते बायर्नला चषक द्यायला उठले आणि लिफ्टने खाली निघाले. बाहेर येऊन पाहतात तो जिंकलेले रडताहेत आणि हरलेले नाचताहेत. त्यांना काही उलगडेना. आपण गोल पाहिले नाहीत हे योहान्सन यांनी स्वतःच सांगून टाकलं. ते मैदानात होते.

काका मात्र दोन्ही गोल पाहिल्याच्या मतावर ठाम आहेत. पुढची मॅच शनिवारी आहे आणि चहावाल्याने दूध आताच जास्तीचं सांगून ठेवलं आहे.