याचं काय, प्रभू?

मी स्वतःची कोणाशी तुलना करत नाही. आमच्या अख्ख्या मंडळीत या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही.

परवाच्या उपासनेत संडेस्कूलमधला माझा जुना सोबती साक्ष द्यायला उभा राहिला. त्याच्या कवितासंग्रहाची तिसरी आवृत्ती निघाली, प्रभूने आपल्या वेळी घडवून आणलं वगैरे. मंडळी ‘आमेन’ म्हणाली. मीही म्हणालो, जरा मोठ्यानेच. मला मत्सर नाही हे मागच्या बाकापर्यंत पोचायला हवं होतं. माझे ललितलेख अजून कपाटात आहेत. पाळकसाहेब म्हणतात, देवाची वेळ आली नाही. प्रकाशक म्हणतात, मागणी नाही. मला पाळकसाहेब जास्त पटतात.

अशा वेळी आम्ही नगरकर लक्ष्मीबाई टिळकांकडे धाव घेतो. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा बाईंनी पासष्टी ओलांडली होती. त्यांच्या पतीचा बाप्तिस्मा १८९५चा, बाईंचा १९००चा. एका घरातसुद्धा घड्याळं वेगळी. म्हणजे मलाही अवकाश आहे. दिवंगतांशी केलेली तुलना तुलनेत धरत नाहीत.

आणि योहान! याच्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो. पुनरुत्थानाची सकाळ. मरीया मग्दालिया बातमी आणते. पेत्र आणि ‘दुसरा शिष्य’ धावत सुटतात. दुसरा शिष्य आधी पोचतो. परंपरेने हा दुसरा म्हणजे खुद्द योहान, आणि शुभवर्तमानही त्याचंच. बघा आता : कबर रिकामी आहे, मरण हरलं आहे, आणि हा गृहस्थ शर्यतीचा निकाल नोंदवतोय. तेवढ्यावर भागत नाही. चार वचनांनंतर पुन्हा आठवण : आधी पोचला होता तो. स्वतःचं नाव घालत नाही, हा विनय. लेखणी पेत्राकडे असती तर ‘वाटेत माझ्या वहाणेचा अंगठा तुटला’ हे नक्की आलं असतं. पुढच्या अध्यायात मासे लागतात, तेही मोजलेले : १५३. प्रभू काठावर न्याहारी घेऊन थांबलाय आणि कोणीतरी मासे मोजतंय! शेजारच्या होडीला सांगायचं असल्याशिवाय कोण मोजतं?

त्याच काठावर प्रभू पेत्रावर मेंढरं सोपवतो. पेत्र मागे वळून योहानाकडे बघतो आणि विचारतो, याचं काय? उत्तराचा मथितार्थ : तुला काय करायचंय? तू माझ्यामागे ये.

इतकं रोखठोक उत्तर हाताशी असून आम्ही ‘देवाची वेळ’ एकमेकांना काढ्यासारखी पाजतो. पाजणाऱ्याची वेळ बहुधा येऊन गेलेली असते. माझ्या आतेबहिणीला मूल नाही. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक जेवणात कोणीतरी तिला बायबलमधल्या साराचं मूल झालं तेव्हाचं वय सांगतं : नव्वद. सांगणारीच्या कडेवर नातू असतो. मूल होईल हे वचन ऐकून सारा हसली होती, हे कोणी सांगत नाही. आणि वचन साराला होतं. ताईला तसं कोणी काही लिहून दिलेलं नाही. काहीही कबूल झालेलं नसताना ती दर रविवारी येते, पहिल्या बाकावर बसते, गाते. विश्वास म्हणतात तो हाच असावा. तिच्याकडे बघून माझे ललितलेख मला क्षुल्लक वाटतात, निदान घरी पोचेपर्यंत.

तेव्हा साक्ष जरूर द्या. चौथ्या आवृत्तीचीही द्या, मी आमेन म्हणेन. फक्त पंगतीत ताईच्या शेजारी बसलात तर तिला भाजी वाढा, साराचं वय सांगू नका.