एक शीट मावतंय

एसटीच्या दोनच अवस्था मला माहीत आहेत. एक, ‘आत्ताच गेली’ आणि दुसरी, ‘येईलच आता’. ‘उभी आहे’ या अवस्थेत ती मला फार थोड्या वेळा भेटली. 2025 च्या फेब्रुवारीत, भर लग्नसराईत, कराडच्या स्टँडवर मी कडक इस्त्रीचा झब्बा घालून धावत पोचलो, तेव्हा पाटणची गाडी पहिल्या अवस्थेत होती. चौकशीच्या खिडकीत दुसरी अवस्था सांगण्यात आली. मुहूर्त बारा पस्तीसचा. मी स्टँडबाहेर आलो.

बाहेर एक पांढरी ट्रॅक्स उभी होती. एकेकाळी पांढरी, असं म्हणू. तिच्या दारात एक पन्नाशीचा गडी “पाटण, पाटण, पाटण, एक शीट, एक शीट” असं ओरडत होता. वडापच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, शीट म्हणतात. सगळे त्याला आण्णा म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो, “आण्णा, एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत खाजगी गाडी लावायची नाही ना?”

“दोनशे मीटर कुटनं मोजायचं, त्ये कुटं लिवलंय?” आण्णा म्हणाला. “मी मागच्या गेटपास्नं मोजतो. बसा.”

आत पाहिलं. तिथे बसायला जागा होती असं म्हणणं धाडसाचं झालं असतं. “मावतंय,” आण्णा म्हणाला आणि मला पुढे, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय टाकून बसवलं. माझ्या डावीकडे दोघं. आण्णाच्या उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हर आणि दार यांच्या मधे, आणखी एक कॉलेजकुमार. आण्णा स्वतःच्या गाडीत तिरका बसून, डाव्या कुल्ल्यावर भार देऊन गाडी चालवत होता. माझाही फक्त उजवा भाग सीटवर होता. डावा हवेत होता.

“वडाप का म्हणतात हो याला?”

“वढून भरायचं, म्हून वडाप. पाय उचला, सेकंड टाकतो.”

त्या दिवशी मला कळलं की गाडीला पाच गिअर असतात आणि माणसाला दोन गुडघे, आणि हे गणित जुळत नाही.

कोयनेच्या पुलावर आण्णाने पहिलं मत दिलं. समोरून एक मोटारसायकल उलट्या बाजूने येत होती. मी शिव्यांची वाट पाहत होतो, पण आण्णाने तिला शांतपणे वाट करून दिली. “कराडचा गुण हाय ह्यो. दुनियेत नदी नदीला बाजूनं येऊन मिळती. आमच्यात कृष्णा हिकडनं, कोयना तिकडनं, समोरासमोर! आमच्या नद्याच राँग साइडनं येत्यात, तर पोरांना काय सांगायचं?”

या प्रीतिसंगमावर मी शाळेच्या सहलीत निबंध लिहिला होता. वाहतुकीच्या अंगाने त्याचा विचार माझ्या हातून राहून गेला होता.

मागे एसटीचा विषय निघाला आणि आण्णा तिसऱ्या गिअरमध्ये गेला. माझा डावा गुडघाही. “17 मार्च 2023,” तो म्हणाला. माणसं स्वतःच्या लग्नाची तारीख अशी सांगत नाहीत. “त्या दिवशी बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्येच्या आधी पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट. आता तुमीच सांगा, बाया तिकडं, म्हातारी तिकडं, गडी माणसाकडं मोटारसायकल. मला ऱ्हायलं कोण? तुमी!”

“पण या जानेवारीत एसटीची भाडेवाढ झालीच की.”

“झाली. किती? चौदा पॉइंट पंच्याण्णव टक्के! पंधरा म्हणायची लाज वाटली. बाटाची चप्पल हाय व्हय ती?”

मागून एक आजी म्हणाल्या, “मला बी पंच्याहत्तर झाली. भूकंप झाला तवा माझं लगीन हून सहा महिनं झालेलं.” कोयनेच्या खोऱ्यात नुसता ‘भूकंप’ म्हटलं की 11 डिसेंबर 1967 समजायचं. तो पहाटे झाला, त्यामुळे त्या वेळी कोण कुठे झोपलं होतं हे सगळ्या म्हाताऱ्या माणसांना पाठ आहे. पण आधार कार्डवर आजींचं वय अडुसष्ट पडलं होतं आणि जन्मतारीख एक जानेवारी. “कंडाक्टर भूकंप धरत न्हाई,” त्या म्हणाल्या.

“मग अर्ध्या तिकिटात तरी जायचं आजी, वडापने कशाला?”

“एसटी फाट्यावर सोडती बाबा. तितनं दीड मैल चढ. आण्णा दारात सोडतो.”

आण्णाने आरशात बघून मिशीवर हात फिरवला. एवढ्या तीन वाक्यांत आजींनी त्याच्या धंद्याचा ताळेबंद मांडला होता. मात्र स्टेअरिंग सोडून मिशीवर हात नेल्यामुळे माझी इस्त्री आणखी थोडी गेली.

सुपन्याच्या पुढे आम्हाला एक नवीकोरी एसयूव्ही मागे टाकून गेली. आण्णाने तिच्याकडे सासरा नव्या सुनेकडे बघतो तसं बघितलं. “जर्सी गाय. दिसाया झॅक, पर पंखा लागतो, डॉक्टर लागतो. माझी ट्रॅक्स म्हंजी म्हस. चिखलात बशीव, उन्हात बांध. अन् त्या गाड्या बोलत्यात वो! पट्टा लावा म्हणं, दार लावा म्हणं. पैसं देऊन घरात आणकी एक बोलणारं कशाला आणायचं?”

“गाडी आवडायची ती कुठली मग?”

“सुमो!” आण्णा हळवा झाला. “जपानचं पैलवान असत्यात बगा, त्येंच्यावरनं नाव.”

शहाणपणा दाखवायची संधी माणसाने सोडू नये. मी सांगितलं की सुमो 1994 साली आली, 2019 साली बंद झाली आणि तिचा पैलवानांशी संबंध नाही. टाटांच्या कंपनीत सुमंत मुळगावकर नावाचे मोठे इंजिनिअर होते, त्यांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’.

गाडीत शांतता पसरली. “म्हंजी आपलाच माणूस?” आण्णा म्हणाला. “अन् मी वीस वर्सं जपानला नमस्कार करतोय!”

मल्हारपेठ जवळ येईपर्यंत राजकारण निघालं नव्हतं, हे सातारा जिल्ह्याच्या लौकिकाला शोभणारं नव्हतं. कराडने राज्याला यशवंतराव चव्हाण आणि पृथ्वीराज चव्हाण असे दोन मुख्यमंत्री दिले. तिथला रिकामा माणूसही मंत्रिमंडळाचा विस्तार करूनच चहा पितो. डावीकडच्या पाहुण्याने पक्षफुटीचं नाव काढलं, आणि आण्णाने चौथा टाकला.

“त्यात काय अवघड हाय? भावाभावांची वाटणी. एकाला धनुष्य, एकाला मशाल. एकाला घड्याळ, एकाला तुतारी. आमच्या भावकीत बी तसंच झालं. थोरल्याला हीर, धाकट्याला मोटर. आता हीर असून पाणी न्हाई, मोटर असून पाणी न्हाई.”

“आणि वीजबिल?”

“त्ये आपल्याला,” असं म्हणून त्याने सगळ्या गाडीवरून हात फिरवला. मतदार या शब्दाची याहून थोडक्यात व्याख्या मी ऐकलेली नाही.

“आता बगा,” तो पुढे म्हणाला, “एक मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री. म्हंजी पुढच्या शीटावर तिघं. समद्यांना खिडकी पायजे. गिअरवर कोण बसणार?”

गिअरवर बसून त्याचं उत्तर देणं मला अवघड गेलं.

मल्हारपेठेत गाडी थांबली, आणि ‘येईलच आता’ म्हणून सांगितलेली पाटणची एसटी मागून येऊन शेजारी उभी राहिली. तिच्यातून हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई उतरली, थेट आण्णाच्या खिडकीशी आली आणि डबा आत देत म्हणाली, “चटणी डाव्या पुडात हाय. सांडू नगासा.”

आण्णाचा चेहरा पडला. “घरची गाडी असताना एसटीनं आलीस?”

“तुमच्या गाडीत शीट मिळती का? तितं खिडकी मिळाली. अन् अर्ध्या पैशात.”

सगळी गाडी हसली. आण्णाने डबा मांडीवर घेतला, खालून चाचपला. “गरम हाय,” तो स्वतःशीच म्हणाला. त्यानंतर दोन किलोमीटर सरकारवर एकही टीका झाली नाही.

वाटेत त्याने फाट्यावरून गाडी आत घालून, चढ चढून, आजींना खरोखर दारात उतरवलं. त्यांची पिशवी ओट्यावर ठेवली. आजींनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, त्यातले दहा त्याने परत दिले. परत येताना म्हणाला, “एसटीत अर्धं, मग मी पुरं कसं घेऊ? म्हातारी शीट तुटंल की.”

मग मी कुठे निघालोय हे विचारून त्याने शेवटचं मत दिलं. “आवंदा लग्नाचं अवघड झालंय. पोरीकडच्यांना पोरगा नोकरीवाला पायजे, पुण्यात फ्लॅट पायजे, गावाकडं रान बी पायजे. पर त्या रानात जायला नगं. अन् सासू-सासरं पायजेत, पर भित्तीवरच्या फोटूत.”

पाटण आलं. मी उतरलो, म्हणजे मला काढण्यात आलं. झब्ब्यावर गिअरच्या दांड्याचं वंगण होतं, गुडघे पाचव्या गिअरमध्ये होते आणि डावा पाय कराडलाच राहिल्यासारखा बधिर. घड्याळात बारा चाळीस. आण्णाने पन्नास रुपये मागितले.

“आण्णा,” मी म्हणालो, “मी अर्धाच बसलो होतो. अर्धं तिकीट घ्या.”

त्याने माझ्या डाव्या बाजूकडे प्रामाणिकपणे बघितलं. “खरं हाय,” तो म्हणाला. “पर साहेब, बायांना अर्धं झालं, म्हाताऱ्यांना फुकट झालं. अर्ध्या बुडाच्या गड्याला सवलत देणारं सरकार अजून यायचं हाय. आलं की सांगा, माझं मत बी त्यालाच.”

मी पन्नास दिले. त्याने ते खिशात घातले आणि गाडीला वळसा घालून ओरडायला लागला, “कराड, कराड, एक शीट, एक शीट!” गाडी पूर्ण रिकामी होती.