तीन फुटांखालची भिंत

मुलाची खोली रंगवायची ठरली की घरातल्या प्रत्येकाला मत फुटतं. आईला छतावर ढग हवे असतात, बाबांना सूर्यमाला. आजोबा म्हणतात, पाढे लिहून घ्या, येता-जाता नजरेखालून जातील. ज्याची खोली त्याला मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर तो 'काळा' म्हणतो, आणि विषय तिथेच मिटतो.

सूर्यमालेवर फार विसंबू नये. 2006 साली खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवलं. ज्यांनी आधीच हौसेनं नऊ ग्रह रंगवून घेतले होते, त्यांनी काय करावं? कार्टूनचंही तेच. पहिलीत जीव की प्राण असलेला हत्ती चौथीत 'शी, बाळांचा' होतो आणि रंग तर अजून टवटवीत असतो.

या बाबतीत खरं शहाणपण आपल्या जुन्या एसटी स्टँडांना आणि सरकारी दवाखान्यांना होतं. भिंतीचा खालचा भाग गडद ऑइल पेंटचा, वर चुना. डाग कुठवर पोचतात, हे कुणीतरी नीट पाहून ठेवलं होतं. मुलांच्या खोलीतही तसंच करावं. खाली तीन फूट फळ्याचा रंग, वर आपली हौस. हात पोचेल तिथवर मालकी त्याची. खडूची पूड पडते, पण ती त्यानंच पुसायची. पुसेल अशी आशा धरायला हरकत नाही.

चित्रच हवं तर वारली काढा. गेरूवर तांदळाच्या पिठाचा एकच पांढरा रंग, बांबूची काडी आणि वर्तुळ, त्रिकोण, रेघ. एवढ्या भांडवलावर डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नाव कमावलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण काढले की माणूस उभा राहतो. पाच वर्षांच्या पोरालाही ते जमतं, आणि वाकडा झालाच तर तो नाचतोय म्हणायचं.

थट्टा पुरे. जुना रंग खरवडताना मूल घरात नको. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं आणि ते धुळीतून पोटात जातं. 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्षात 90 भाग अशी कायद्यानं ठरली आहे. डब्यावर तसं छापलंय का, ते शेड निवडण्याआधी बघा.