पंचा आणि चाळीस किलो

कमी सामानात कसं हिंडावं, हे गाडगेबाबांकडून शिकावं. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि एक फुटकं गाडगं. चालताना तेच गाडगं डोक्यावर टोपी, जेवताना तेच ताट. एका वस्तूला दोन कामं लावली की निम्मं ओझं तिथंच संपतं.

मे महिन्यात रत्नागिरीला जाताना मी पंचा निवडला. आंघोळीनंतर अंग पुसा, उन्हात डोक्याला गुंडाळा, झोपताना उशाशी घ्या आणि गाडीत सीटवर टाका, की जागेचा सातबारा आपल्या नावावर! पंचा, दोन शर्ट, एक पँट आणि दाढीचं सामान. सगळं एका शबनममध्ये मावलं. डोंबिवलीकराला याहून जास्त परवडतही नाही. आमच्या लोकलमध्ये सॅक पाठीला असली तर मागचे ओरडतात आणि पोटाशी धरली तर पुढचे.

पण बातमी फुटली.

"रत्नागिरीला जाताच आहात, तर एवढा डबा माझ्या भाच्याला द्या. जड नाही हो!" तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या. डब्यात बेसनाचे लाडू होते. दुसऱ्या मजल्यावरून दुरुस्त केलेलं मिक्सरचं भांडं आलं, तिसऱ्यावरून लग्नपत्रिकांचा गठ्ठा. "कागदच तर आहेत!"

मी सौभाग्यवतींकडे पाहिलं.

"अहो, स्लीपरला माणशी चाळीस किलो फुकट नेता येतं. आपलं त्याच्या निम्मंही नाही," असं म्हणत तिने लोणच्याची बरणी आत सरकवली.

कोकणात जाणारी मांडवी एक्सप्रेस डोंबिवलीला येत नाही. ती पकडायला आधी उलट्या दिशेने ठाण्याला जायचं. लोकलच्या दारातच सल्ला मिळाला, "काका, मालडब्यात चढायचं ना!" कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत वरात ठाण्याला पोचली. तिथं आम्ही मांडवीत चढलो आणि गाडी आम्हाला घेऊन पुन्हा दिव्याला आली. तिथून डोंबिवली दोन स्टेशनं! मग ती पनवेलकडे वळली. मिक्सरच्या भांड्याला तेवढीच ठाण्याची सहल घडली.

रत्नागिरीत घरोघरी वाटप करून आम्ही हलके झालो, तो प्रत्येक घरातून एकच वाक्य, "रिकाम्या हाताने कसे जाल?" भाच्याने काकूंसाठी अख्खा फणस दिला. मिक्सरवाल्यांकडून कोकमं आली, पत्रिकावाल्यांकडून आंब्याची पेटी. परतीच्या वाटेवर, ठाण्याच्या पुलावर, पंचाचा पाचवा उपयोग सापडला : डोक्यावर फणस, फणसाखाली चुंबळ.

तेव्हा वाचकहो, किती शर्ट घ्यावेत याचा हिशेब सोडा. आपलं सामान शबनमएवढंच असतं; बाकीचं शेजाऱ्यापाजाऱ्यांचं. हलकं जायचं असेल तर सोसायटीत गावाचं नाव काढू नका. कोणी विचारलंच तर कल्याणला चाललोय म्हणा. डोंबिवलीतून कल्याणला कोणी काही पाठवत नाही.