घमेलं हलकं, थापी जड

पैठणच्या जायकवाडी धरणाचं उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झालं. समान वेतनाचा कायदाही त्याच सालचा. धरणाचा जलाशय, नाथसागर, एखाद्या वर्षी भरतो, एखाद्या वर्षी आटतो. कायदा मात्र बारमाही कोरडा. पुढे २०१९च्या वेतन संहितेत तो सामावून घेतला, कोरडेपणासकट.

पैठणात कुठल्याही चालू बांधकामावर जा. वाळू बाई चाळते, विटा बाई देते, मालाचं घमेलं बाईच्या चुंबळीवर. गवंडी पुरुषच. का, म्हणून विचारलं तर ठेकेदार कळवळून सांगतो, “थापी बायांना झेपत नाही हो.” भरलेलं घमेलं घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढणं तेवढं झेपतं. हजेरी गड्याची वेगळी, बाईची वेगळी. जिन्याच्या पायऱ्या तेवढ्या सारख्या.

बढतीचंही तसंच. बिगारी पोरगा चार-पाच वर्षांत थापी धरतो, मग ओळंबा, मग लोक त्याला मिस्त्री म्हणतात. बाई वीस वर्षांनीही ‘ए बाई’च. गवंडीण म्हणावं, तर ऐकणारा गवंड्याच्या बायकोची चौकशी करतो.

१९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं ५०हून अधिक बाया असतील तिथे पाळणाघर सांगितलं. इथे बाया असतात तीन. म्हणून पाळणा वाळूच्या ढिगाशेजारी, दोन बांबूंना बांधलेल्या जुन्या साडीचा. (पैठणी नव्हे, एवढं सांगायला नको.) पोरगं रडतं, आई घमेलं खाली ठेवून झोळीला हात लावते, तोच वरून हाक येते, “ए बाई, माल संपला!”